पडद्यामागचा डबा

‘आय५ आहे, सोळा जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, अजून काय पाहिजे?’ जुने संगणक विकणाऱ्या दुकानात हे वाक्य अशा थाटात टाकलं जातं की गिऱ्हाइकानं पुढे काही विचारूच नये. टीव्हीला जोडून घरी सिनेमे, नाटकं, सामने बघायला संगणक घ्यायचा असेल, तर या वाक्यातून कामाचं जवळजवळ काहीच कळत नाही. विचारायचं ते एवढंच: हा आय५ कितव्या जनरेशनचा?

मोहाडीच्या माणसानं तर हे घरून निघण्याआधीच ठरवून ठेवावं. भंडारा-तुमसर रस्त्यावरचं, चौंडेश्वरी देवीचं हे तालुक्याचं गाव. टीव्ही, कूलर, मोबाईल इथे सहज मिळतो. पण सुटा मदरबोर्ड किंवा नेमक्या जातीची रॅम घ्यायची तर भंडारा गाठावं लागतं, आणि तिथेही नाही जमलं तर नागपूरची बर्डी आहेच. चुकीचा भाग आणला की तो बदलायला पुन्हा अख्खा दिवस आणि जाण्या-येण्याचं भाडं. भागाच्या किमतीत हा खर्च धरला की पाचशे रुपयांनी स्वस्त पडलेली वस्तू बघता बघता महाग होते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. तुम्हाला फक्त नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूब बघायचं असेल तर संगणक घेऊच नका. साधारण तीन ते सहा हजारांत मिळणारी टीव्हीला खोचायची स्टिक ते काम अधिक चांगलं करते. कारण तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त आहे. पैसे घेऊन सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या आपलं चित्र कुलूप लावून पाठवतात. स्टिकमध्ये आणि स्मार्ट टीव्हीत त्या कुलपाची किल्ली चिपच्या आतच बसवलेली असते, म्हणून त्यांना पूर्ण दर्जाचं चित्र मिळतं. संगणकाच्या ब्राउझरवर कंपन्यांचा तेवढा भरवसा नसतो. त्यामुळे तीच वर्गणी भरून संगणकावर पुष्कळदा कमी रिझोल्यूशनचं चित्र येतं, आणि लिनक्स असेल तर आणखी कमी.

मग हा डबा हवा कोणाला? ज्याच्याकडे स्वतःचं काही बघण्यासारखं साठलंय त्याला. लग्नाच्या सीडी-डीव्हीडी, शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग, मोबाईल बदलताना हार्ड डिस्कवर ओतून ठेवलेले व्हिडिओ. आपल्याकडे दिवाळी सरली की मंडया सुरू होतात, दंडार उभी राहते, झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. आपल्या मंडळाच्या नाटकाचं शूटिंग ज्यानं जपून ठेवलंय त्याला ते चार-सहा इंची मोबाईलवर बघण्यात काय मजा? शिवाय हाच संगणक दिवसा पोरांच्या अभ्यासाला, ऑनलाइन अर्ज भरायला आणि हिशेबाला उपयोगी पडतो. ते स्टिकला जमत नाही.

डेटाचं गणितही याच बाजूनं बोलतं. ४के चित्र सेकंदाला २५ मेगाबिटनं येत असेल तर तासाला साधारण ११ जीबी लागतात. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर तो हिशेब बसूच शकत नाही. घरातल्या डिस्कवर असलेली फाइल मात्र कितीही वेळा बघा, रेंज असो वा नसो.

आता मूळ मुद्दा, जनरेशनचा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर सेकंदाला साधारण १५५ एमबी होतात, तासाला ५६० जीबी. तीन तासांच्या सिनेमाला दीड टीबीहून मोठी डिस्क लागली असती. प्रत्यक्षात तो सिनेमा तीन-चार जीबीत मावतो, कारण तो दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. लागोपाठच्या दोन चित्रांत भिंत तीच, आकाश तेच. बदललं तेवढंच नोंदवायचं. ही घडी घालण्याच्या पद्धती वेळोवेळी बदलत गेल्या. २००३ साली एच.२६४ आली, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि गूगलची व्हीपी९, २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नवी पद्धत कमी जागेत तेच चित्र बसवते, पण घडी उलगडण्याचं काम आधीपेक्षा किचकट करते.

ही घडी उलगडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रोसेसरनं स्वतः राबायचं. दुसरा, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात त्याच कामासाठी कोरलेलं खास सर्किट वापरायचं. सर्किट असेल तर काही वॉटमध्ये काम होतं आणि पंख्याला जागही येत नाही. नसेल तर चारही कोअर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातात, पंखा किंचाळतो आणि ४के चित्र तरीही अडखळतं. त्या ठिकाणी सोळा जीबी रॅम काहीच करू शकत नाही. हे सर्किट एकदा चिपमध्ये नसलं की सॉफ्टवेअर टाकून आणता येत नाही.

इंटेलच्या बाबतीत हे सर्किट कधी कुठे आलं ते लक्षात ठेवायला सोपं आहे. एच.२६४ दुसऱ्या जनरेशनपासूनच नीट चालतं. एचईव्हीसीचा साधा प्रकार सहाव्या जनरेशनमध्ये आला. त्याचा १०-बिट प्रकार, जो बहुतेक ४के फाइलींत असतो, आणि व्हीपी९ सातव्यापासून पूर्णपणे चालतात. एव्ही१ अकराव्यापासून. जनरेशन ओळखायची ती नंबरावरून: आय५-२४०० म्हणजे दुसरी, आय५-६५०० म्हणजे सहावी, आय५-८५००टी म्हणजे आठवी, आय३-१२१०० म्हणजे बारावी. ‘आय५, १६ जीबी’ असं मोठ्या अक्षरांत लिहून नवा चकचकीत कॅबिनेट घालून जे स्वस्त सेट विकले जातात, त्यांतल्या पुष्कळांच्या आत दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा जुना प्रोसेसर असतो. टायपिंगला तो चालेल. सिनेमाला सातव्या जनरेशनचा साधा आय३ त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. नावातला आकडा मोठा म्हणून माल नवा, असं समजून लोक फसतात ते इथेच.

नंबराच्या शेवटचं अक्षरही वाचून घ्या. ‘टी’ असेल तर प्रोसेसर ३५ वॉटचा, थंड चालणारा. आपल्या कामाला उत्तम. ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो. आय३-१२१००एफ हा नुसत्या १२१०० पेक्षा स्वस्त दिसतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. वाचलेले पैसे कार्डात दुपटीनं जातात.

या सगळ्याला २०२५ मध्ये एक कलाटणी मिळाली. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कंपन्या आणि बँकांनी सहाव्या-सातव्या जनरेशनची धडधाकट मशीनं काढून टाकली आणि ती जुन्या बाजारात आली. सातव्या जनरेशनचं मशीन त्यामुळे स्वस्त आहे आणि सिनेमाच्या कामाला पुरेसंही आहे. मात्र त्यावर लिनक्स टाकायची तयारी हवी. नुसतं टीव्हीचं काम असेल तर लिब्रेईएलईसी नावाची फुकट प्रणाली आहे. संगणक सुरू केला की थेट कोडी हे सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतं, विंडोज लागतच नाही. कोडीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. ते मुळात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर सिनेमे बघण्यासाठी उत्साही मंडळींनी लिहिलं होतं. घरात अभ्यास, प्रिंटर, बँकेचं कामही याच मशीनवर करायचं असेल तर आठव्या जनरेशनच्या खाली उतरू नका.

माझी पसंती कार्यालयांतून निघालेल्या चपट्या छोट्या मशीनांना आहे. डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचं थिंकसेंटर टायनी, एचपीचं एलिटडेस्क मिनी. जाड पुस्तकाएवढा आकार, आत लॅपटॉपची रॅम, बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर. टीव्हीच्या मागे पट्टीनं अडकवता येतात. आठव्या जनरेशनचं असं जुनं मशीन दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतं. भाव हलत असतो. घेताना अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे ना ते बघा. डेलचं मशीन परका अडॅप्टर ओळखतं आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतं. मग महिनोन्‌महिने ‘मशीन स्लो आहे’ म्हणून आपण विंडोजला शिव्या घालत राहतो. बायोसला आधीच्या कार्यालयाचा पासवर्ड नाही याचीही दुकानातच खात्री करून घ्या.

नवंच हवं असेल तर इंटेलच्या एन१०० चिपचे मिनी संगणक २०२३ पासून येतात. चार कोअर, कागदावर ६ वॉट, आणि एव्ही१ सकट सगळ्या घड्या उलगडणारं सर्किट. जड कामाला तो दमतो, पण टीव्हीमागे बसायला याच्याइतका शहाणा स्वस्त प्रोसेसर सध्या दुसरा दिसत नाही. भाग-भाग जोडून नवा संगणक बांधायचा तर आय३-१२१००, एच६१० चा बोर्ड, साडेचारशे वॉटचा बऱ्या कंपनीचा एसएमपीएस. हौस म्हणून ठीक. नुसत्या सिनेमासाठी हा खर्च पटत नाही. आणि घरात जुना टॉवर पडलेला असेल म्हणून त्यात ‘चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड’ टाकायचा सल्ला कोणी दिला, तर कार्डाचं नाव विचारा. जीटी ७३० वर कितीही जीबी लिहिलेले असोत, एचईव्हीसी त्याला उलगडत नाही. जीटी १०३० ला उलगडते.

४के टीव्हीचं आकर्षण मोठं आहे. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यानं ते आणखी वाढलं. तरी एक मोजमाप करून बघा. नजर चांगली असलेल्या माणसाला तीन मीटरवरून सुमारे ०.८७ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. फुल एचडीमध्ये तिच्यावरचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला फुल एचडीचेच ठिपके दिसत नाहीत, मग त्याहून बारीक ४के त्याला काय वेगळं दिसणार? ५५ इंची टीव्ही घेऊन दोन मीटरवर बसणाऱ्यानं ४केसाठी पैसे मोजावेत. आणि मग त्यानं एचडीएमआयचं पोर्टही तपासावं. इंटेलच्या जुन्या मशीनांचं साधं एचडीएमआय पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. सिनेमाला ते पुरतं, कारण सिनेमा २४ चाच असतो. पण क्रिकेटमधला चेंडू उड्या मारत जातो. अशा मशीनांना बहुधा डिस्प्लेपोर्ट असतं. त्यातून एचडीएमआय २.० चा ‘ॲक्टिव्ह’ कन्व्हर्टर लावला की ६० मिळतात. बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त कन्व्हर्टर ॲक्टिव्ह नसतो. पाकिटावर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं बघूनच घ्या.

रॅम आठ जीबी बास, पण शक्यतो चार-चारच्या दोन पट्ट्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याची वाट दुप्पट रुंद होते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव बरेच चढले. म्हणून ज्यात रॅम आधीच आहे असं जुनं मशीन घेण्यात आता आणखीच शहाणपण. २५६ जीबीची एसएसडी प्रणालीसाठी पुरते. सिनेमे वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि लग्नाच्या व्हिडिओची दुसरी प्रत कुठेतरी असू द्या. जुन्या मशीनसोबत आलेली हार्ड डिस्क किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर सांगतं. तीस-चाळीस हजार तास दिसले तर तिच्यावर आठवणी ठेवू नका.

इथवरचं सगळं पुण्या-मुंबईलाही लागू आहे. आपल्याकडचं खरं दुखणं लाईनचं आणि उन्हाचं.

छोट्या मशीनच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं, ट्यूबलाइट लुकलुकायला लागली, तरी संगणक चालूच राहतो. स्वस्तातल्या एसएमपीएसला एवढी सहनशक्ती नसते. मिनी मशीनला मात्र स्टॅबिलायझर लागत नाही. भीती असते ती लाईन अचानक जाण्याची: डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर फाइल बिघडते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर बदल व्हायला जो क्षणाचा उशीर होतो तेवढ्यात संगणक बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या. मिनी संगणक आणि राउटर मिळून वीस-पंचवीस वॉट खातात, तेवढं तो पुष्कळ वेळ ओढतो.

अर्थिंगकडे मात्र कोणी बघत नाही. जुन्या घरांतल्या बोर्डाच्या तिसऱ्या, मोठ्या भोकात पुष्कळदा वायरच नसते. अशा वेळी संगणकाच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांची गळती अर्थमध्ये जायला हवी, ती वाट नसल्यानं अंगावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट थोडाच असतो, माणसाला फारसं काही होत नाही. पण चालू संगणकाची एचडीएमआय वायर चालू टीव्हीत खोचताना तोच करंट नाजूक पिनांतून धावतो आणि टीव्हीचं पोर्ट कायमचं जातं. मग दोष ‘जुन्या संगणकाला’ लागतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, टीव्ही आणि संगणक एकाच बोर्डावर लावा आणि वायर दोन्ही बंद असतानाच जोडा. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की डिशची केबलही काढून ठेवा. वीज फक्त लाईनमधूनच येते असं नाही.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा बंद खोलीत ४० असतात. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारं मशीन मेमध्ये ८० ओलांडतं आणि शंभरच्या जवळ गेलं की स्वतःच वेग कमी करतं. जुनं मशीन घेतल्यावर पहिलं काम: झाकण उघडून धूळ फुंकायची, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. टीव्हीच्या काचेच्या कपाटात बंद करायचं नाही. आणि कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नाही. तिथे गारवा मिळतो, पण सोबत ओलावा, धूळ आणि पाण्यातले क्षारही बोर्डावर जाऊन बसतात. बिनआवाजाच्या पंख्यासाठी जादा पैसे मोजण्याचा सल्ला मी आपल्याकडे देणार नाही. मार्च ते जून कूलर चालू असताना संगणकाचा पंखा ऐकू येणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

त्यापेक्षा आवाजावर खर्च करा. चपट्या टीव्हीच्या मागे खाली तोंड करून बसवलेले स्पीकर संवाद गिळतात, आणि नाटकाच्या शूटिंगमध्ये तर संवादच सगळं असतात. घरात जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर पडून असतील तर तेच साफ करून जोडा. महागड्या ५.१ च्या मागे लागण्याआधी दोन चांगले स्पीकर पुरेसे आहेत हे ऐकून बघा. रिमोटचं म्हणाल तर टीव्हीचा रिमोट बहुतेक संगणकांना ओळखत नाही. टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्या, घरातली मोठी माणसंही दोन दिवसांत शिकतात.

बर्डीला जाल तेव्हा एक पेनड्राइव्ह सोबत न्या. त्यात ४के, १०-बिट एचईव्हीसीची एक क्लिप टाकून ठेवा. मशीन टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडायला सांगा, क्लिप चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो वर चढला आणि प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर शांत राहिला, तर मशीन कामाचं. आलेख सपाट आणि प्रोसेसर नव्वदीत असेल, तर आय५ असो की आय७, परत ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटीचे महिने त्याच बिलावर लिहून घ्या. क्लिप चालवून दाखवायला जो दुकानदार टाळाटाळ करेल, त्याच्याकडे पैसे देऊ नका; शेजारी दुसरं दुकान आहे.